आधी तंगूस, मग रॉड, शेवटी रीळ

गळाचे सामान घ्यायला दुकानात गेलेला नवखा माणूस सगळ्यात आधी रीळ उचलतो. ते चकचकीत असते, मूठ फिरवली की लोण्यासारखे फिरते, आणि खोक्यावर बेअरिंगचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. खिशातले बहुतेक पैसे तिथेच संपतात. उरलेल्यात एक आत सरकणारा घडीचा रॉड येतो आणि तंगूस दुकानदार देईल तो. खरेदीचा हा क्रम उलटा आहे. मासा आणि माणूस यांना जोडणारी वस्तू एकच, ती म्हणजे तंगूस. मासा सुटतो तेव्हा बहुतेक वेळा तंगूस तुटलेला असतो किंवा त्याची गाठ सुटलेली असते. म्हणून आधी मासा आणि पाणी ठरवावे, त्यावरून तंगूस, तंगुसावरून रॉड आणि रीळ अगदी शेवटी.

महाराष्ट्रात गोड्या पाण्याचे तळे म्हटले की ते बहुधा धरणाचेच पाणी असते. उजनी, मुळशी, पवना, पानशेत, भंडारदरा हे सगळे माणसाने अडवलेले पाणी. पवई तलावही १८९१ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला. निसर्गाने घडवलेल्या तळ्याचा काठ वर्षभर साधारण एका जागी असतो. धरणाचे तसे नाही. भाद्रपदात ज्या खडकावर बसून आपण पाण्यात पाय सोडतो, तोच खडक मे महिन्यात पाण्यापासून शे-दीडशे पावलांवर उघडा पडलेला असतो. शिवाय पाण्याखाली जुने जग तसेच उभे असते. शेतांचे बांध, विहिरींची तोंडे, घरांची जोती, बाभळीची खोडे. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते हे पुष्कळांनी पाहिले आहे. आपला गळ अशाच गोष्टींमध्ये जाऊन पडतो. त्यातून भीमेच्या आणि सह्याद्रीच्या खोऱ्यातला सगळा तळ काळ्या कातळाचा. या खडकाची धार तंगुसाला करवतीसारखी कापते. परदेशी पुस्तकात किंवा व्हिडिओत दाखवलेले सामान इथे जसेच्या तसे चालत नाही ते यामुळेच.

आता मासे. आपल्या धरणांत कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली मत्स्यबीज केंद्रांतून आणून सोडतात. सायप्रिनस आणि चिलापी हे मूळचे बाहेरचे, पण आता इथलेच होऊन बसले आहेत. उजनीत तर चिलापीचेच राज्य आहे. मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे. या सगळ्यांची तोंडे नीट पाहिली तरी निम्मे काम होते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो वरच्या आणि मधल्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. मृगळाचे तोंड खाली, तो तळाची माती चाळतो. रोहू या दोघांच्या मध्ये. म्हणजे कटल्याला तरंगीखाली लटकणारे मऊ आमिष हवे, तर मृगळ आणि सायप्रिनस यांना शिसे लावून तळाशी बसवलेले. चिलापीचे तोंड लहान, गांडुळाचा तुकडा आणि बारीक गळ पुरतो. मरळ मात्र शेवाळ आणि पाणवेलींच्या आडोशाला दबा धरून असतो आणि हलत्या वस्तूवर झडप घालतो. त्याला हवेतला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे तो अधूनमधून वर येऊन पाण्यावर खूण सोडतो. अर्ध्या किलोची चिलापी आणि दहा किलोचा कटला एकाच तळ्यात असतात, पण एकाच सामानाने दोघांचीही मजा येत नाही.

तंगुसाची ताकद त्याच्या जाडीवर नाही, तर जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. ०.४० मिलिमीटरचा तंगूस ०.२० मिलिमीटरच्या दुप्पट नव्हे, सुमारे चौपट ताण सोसतो. पण जाडी वाढली की तो ताठ होतो, रिळावरून वेटोळी घेत सुटतो, हवेला आणि पाण्याला जास्त अडतो आणि आमिष जवळ पडते. म्हणून ‘जाड म्हणजे चांगला’ हा हिशेब चुकतो. काठावरून रोहू-कटल्यासाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा नायलॉन तंगूस मला सगळ्यात समतोल वाटतो. चांगल्या प्रतीचा असेल तर तो साधारण सहा ते आठ किलोचा ताण घेतो. चिलापीला ०.२० ते ०.२५ भरपूर झाला. स्वस्त मालाच्या लेबलावरची जाडी आणि खरी जाडी नेहमी जुळते असे नाही. कोणाकडे व्हर्नियर असेल तर मोजून पाहावी. सहा किलोचा म्हणून विकलेला पण प्रत्यक्षात ०.४२ भरणारा तंगूस आपली फेक खाऊन टाकतो.

तंगूस तीन जातींचा मिळतो आणि तिघांचे स्वभाव त्यांच्या रसायनातून आलेले आहेत. पहिला साधा एकपदरी नायलॉन. ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली नायलॉन जगापुढे आणले आणि लवकरच रेशमाच्या आणि सुताच्या दोऱ्या मागे पडल्या. नायलॉन ताणला की बराच लांबतो आणि सोडला की पुष्कळसा परत येतो. मोठा मासा अचानक उसळी घेतो तेव्हा हा ताणच धक्का पचवतो. नवख्याच्या चुका माफ करणारा तंगूस हाच. त्याचे दोष दोन. तो पाणी शोषतो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो, आणि ऊन त्याला हळूहळू ठिसूळ करते. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हाळाभर पडलेल्या रिळावरच्या तंगुसावर भरवसा ठेवू नये.

दुसरा विणलेला, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात. पॉलिएथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची ही वेणी असते. नायलॉनइतकीच ताकद त्याच्या जवळपास निम्म्या जाडीत मिळते, त्यामुळे फेक लांब जाते. तो जवळजवळ ताणलाच जात नाही. पन्नास मीटरवर माशाने आमिषाला तोंड लावले तरी बोटाला कळते. त्याची घनता पाण्याहून किंचित कमी, म्हणून तो तरंगतो. मरळासाठी पाणवेलींवरून रबरी बेडूक ओढायचा असेल तर दुसरा विचारच करू नये. पण याच ब्रेडचा काळ्या कातळापुढे निभाव लागत नाही. ताणलेला ब्रेड खडकाच्या धारेवर घासला की एकेक तंतू तुटत जातो आणि क्षणात सगळा संपतो. म्हणून ब्रेडच्या पुढे दीड-दोन मीटर जाड नायलॉन किंवा फ्लोरोकार्बन जोडावा लागतो. त्यालाच लीडर म्हणतात.

तिसरा फ्लोरोकार्बन. प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या जवळचा अंक असल्याने तो पाण्यात कमी दिसतो. तो नायलॉनपेक्षा जड असतो, बुडतो, पाणी शोषत नाही आणि घासणीला चांगला टिकतो. सगळे रीळ त्याने भरणे मात्र पैशांची नासाडी आहे, कारण तो ताठ असतो आणि महाग असतो. लीडरपुरता घ्यावा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात तर अदृश्य तंगुसाचा फायदा माशाला नाही आणि आपल्यालाही नाही. फेब्रुवारीत पाणी निवळले की त्याची किंमत वसूल होते.

तंगूस ठरला की रॉड. रॉडच्या मुठीजवळ बारीक अक्षरात दोन गोष्टी छापलेल्या असतात. किती पौंडांचा तंगूस आणि किती ग्रॅमचे वजन. बहुतेक लोक त्या वाचत नाहीत. रॉडवर ‘६ ते १२ एलबी, ७ ते २१ ग्रॅम’ असे असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे. सुमारे तीन ते साडेपाच किलोचा तंगूस आणि आमिषासकट सात ते एकवीस ग्रॅम वजन यांच्यासाठी तो बनवला आहे. त्यावर साठ ग्रॅमचे शिसे लावून जोरात फेकले की रॉड तुटतो आणि दोष कंपनीला दिला जातो. पाच ग्रॅम लावले तर रॉड वाकतच नाही आणि आमिष पायाशी पडते. फेकण्याची ताकद मनगटातून कमी आणि रॉडच्या वाकण्यातून जास्त येते.

रॉडमुळे मासा ओढणे सोपे होते हा मोठा गैरसमज आहे. उलट रॉड ही माशाच्या बाजूची तरफ आहे. आठ फुटांचा रॉड कमरेला टेकवून बुडापासून दीड फुटावर धरला आणि टोकाशी एक किलोचा ताण द्यायचा ठरवला, तर पुढच्या हाताला पाच किलोहून अधिक जोर लावावा लागतो. रॉड वाकला की ही तरफ आखूड होते आणि हाताला आराम मिळतो. म्हणजे रॉडचे खरे काम वाकण्याचे. तो ताण कधीच एकदम सैल पडू देत नाही आणि एकदम कडकही होऊ देत नाही. म्हणून धरणाच्या काठावरून कटला-रोहूसाठी आठ ते नऊ फुटांचा, मधल्या ताकदीचा, अर्ध्यापर्यंत वाकणारा रॉड घ्यावा. लांबीमुळे फेक वाढते आणि काठाजवळच्या दगडांवरून तंगूस उचलून धरता येतो. मरळाला याच्या उलट हवे. साडेसहा-सात फुटांचा, कडक, फक्त टोकाशी वाकणारा. कारण गळ लागल्यानंतर पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला वेलींतून बाहेर खेचले नाही तर तो परत मिळत नाही.

काचतंतूचा रॉड जड, पण चिवट. कार्बनचा हलका आणि हाताला जास्त सांगणारा, पण दगडावर आपटला किंवा गाडीच्या दारात सापडला की त्याला न दिसणारा तडा जातो आणि पुढच्या मोठ्या माशाला तो तिथेच मोडतो. मुलांसोबत जाणार असाल, दुचाकीवर बांधून नेणार असाल, तर काचतंतू किंवा दोन्हींचे मिश्रण निवडा. घडीचा रॉड प्रवासाला सोयीचा हे खरे, पण त्याच्या प्रत्येक सांध्यापाशी वाकण्याची रेषा तुटते आणि सांध्यात धरणाची बारीक वाळू गेली की तो अडकतो. दोन तुकड्यांचा रॉड बरा. घेताना प्रत्येक कडीतून कापसाचा छोटा बोळा फिरवून पाहावा. कडीच्या आतल्या चिनी मातीच्या वलयाला केसाएवढी चीर असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकून राहतो. तीच चीर पुढे तंगूस कापणार असते. दुकानदार थोडा थांबेल, पण ही तपासणी करूनच पैसे द्यावेत.

आता रीळ. तळ्यावरच्या नवख्याने स्पिनिंग रीळच घ्यावे. त्याची मूळ कल्पना इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमधल्या अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गिरणीवाल्याची. १९०५ साली त्याने पेटंट घेतले. कापडगिरणीत कांडी जागेवर स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जाते, तेच त्याने रिळात आणले. त्याआधीच्या रिळांत फेकताना सगळा ढोल फिरायचा. हलके आमिष त्याला फिरवू शकत नसे आणि जड आमिषाने फिरलेला ढोल आमिष पाण्यात पडल्यावरही फिरत राहून तंगुसाचा गुंता करायचा. आजच्या बेटकास्टिंग रिळातही ढोल फिरतोच, त्याला अंगठ्याने आवर घालण्याचा सराव लागतो. मरळाचा नाद पक्का लागला की ते घ्यावे, त्याआधी नको.

आकार म्हणाल तर चिलापीला २०००, कटला-रोहूला ३००० ते ४००० क्रमांकाचे स्पिनिंग रीळ. स्पूलवर, म्हणजे तंगूस गुंडाळायच्या कांडीवर, ‘०.३०/१८०’ असे काही लिहिलेले असते, म्हणजे त्या जाडीचा १८० मीटर तंगूस मावतो. धरणावर दीडशे मीटरपेक्षा कमी भरून जाऊ नये. गिअरचे प्रमाण पाचास एकच्या आसपास पुरते. मुठीच्या एका फेऱ्यात साधारण सत्तर सेंटिमीटर तंगूस आत येतो. बेअरिंग बारा आहेत की चार, याने तळ्यावर काही अडत नाही. गोड्या पाण्यात मिठाचा गंज नसतो, म्हणून समुद्रासाठी बनवलेल्या महागड्या बंदिस्त रिळावर खर्च करण्याचेही कारण नाही. पैसे द्यायचे ते ड्रॅगसाठी.

ड्रॅग म्हणजे स्पूलवरचा ब्रेक. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की स्पूल घसरते आणि तंगूस सुटतो, तुटत नाही. हा ब्रेक सुरुवातीलाच अडखळत सुटत असेल तर त्या अडखळण्याच्या क्षणी तंगूस जातो. दुकानात ड्रॅग थोडा आवळून तंगूस हाताने सावकाश ओढून पाहा. तो झटके न देता, एकसारखा सुटला पाहिजे. घरी आल्यावर सामान नीट लावून तंगुसाच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा, रॉड पंचेचाळीस अंशांत धरा आणि कोणाला तरी काटा ओढायला सांगा. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर ड्रॅग सुटायला हवा. सहा किलोचा तंगूस असेल तर दीड ते दोन किलोवर. हे अंदाजाने करू नये. बहुतेकांच्या हाताला दोन किलोचा ताण चार किलोसारखा वाटतो आणि त्यामुळे ते ड्रॅग गरजेपेक्षा सैल ठेवतात, मग मोठा मासा लागला की घाबरून एकदम आवळतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मासा लांब पळाला की स्पूलवरचा तंगूस कमी होतो, स्पूलचा घेर लहान होतो, आणि ब्रेक तेवढाच असूनही तंगुसावरचा ताण वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ४८ मिलिमीटर असताना दोन किलोला सुटणारा ड्रॅग, व्यास ३२ वर आला की तीन किलोला सुटतो. वर लांबवर पाण्यात पसरलेल्या तंगुसाचा अडथळा वेगळाच. म्हणजे मासा दूर जात असताना ड्रॅग आवळायचा नाही, उलट किंचित सैल करायचा. घाबरलेला हात नेमके उलटे करतो.

मासा तंगूस खेचत असताना, ड्रॅग सुटत असताना, मूठ फिरवत राहणे ही दुसरी सवय मोडायला हवी. स्पिनिंग रिळात अशा प्रत्येक फेऱ्याला तंगुसाला पाच-पाच पीळ पडतात आणि दिवसाअखेर त्याची जटा होते. मासा पळतो तेव्हा पळू द्यावे. थांबला की रॉड हळू वर उचलावा, मग खाली आणता आणता तंगूस गुंडाळून घ्यावा. नवा तंगूस भरतानाही ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताण देत भरावा आणि स्पूलच्या काठाच्या दोनेक मिलिमीटर खाली थांबावे. कमी भरला तर काठाला घासून फेक तोकडी पडते, जास्त भरला तर वेटोळी एकदम सुटतात. ब्रेड भरायचा तर खाली आधी काही मीटर नायलॉन, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळा ब्रेडच घसरतो. गाठ आवळण्याआधी ती ओली करावी. कोरडी आवळलेली नायलॉनची गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच दुबळी होते.

कार्बनच्या रॉडबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कार्बनमधून वीज वाहते. धरणांच्या काठाने उच्च दाबाच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्याखाली नऊ फुटांचा रॉड उभा धरू नये, फेकायचा तर नाहीच. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की रॉड आडवा ठेवून काठापासून आणि झाडांपासून दूर व्हावे. मासे उद्याही असतील.

आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेली असते. तिथे बसण्याआधी त्यांना विचारावे, धरणाच्या भिंतीजवळची बंदी पाळावी. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे सभासदत्वाचे आणि पकडीचे नियम आहेत. या तलावात मगरी आहेत, हेही पाण्याच्या कडेला बसताना विसरू नये. जून-जुलैत मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यांकडे चढू लागतात, तेव्हा चढणीच्या माशांवर गळ टाकू नये. आणि मरळाची जोडी लालसर पिल्लांच्या थव्याभोवती फिरताना दिसली तर तिला हात लावू नये, एक पालक गेला की थवा काही वेळात संपतो. महाशीर गळाला लागला तर सोडून द्यावा. दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिले ते पुण्याच्या मुळा-मुठेच्या माशावरून, साइक्स या अभ्यासकाने, १८३९ साली. लोणावळ्याजवळच्या वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून बोटुकली ठिकठिकाणी सोडली गेली आहेत. सोडण्यासाठी काटा दाबून सपाट केलेला गळ वापरावा आणि मासा ओल्या हातानेच धरावा.

शेवटी खर्चाचे. एकूण रकमेतले तंगुसाचे पैसे आधी बाजूला काढा, चांगला घ्या आणि दर हंगामाला बदला. जुना किंवा तुटलेला तंगूस मात्र काठावर टाकू नका. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. उजनीच्या भिगवण भागात हिवाळ्यात रोहित, बगळे, बदके उथळ पाण्यात चरतात आणि असा तंगूस त्यांच्या पायात, पंखांत गुंतला की पक्षी तडफडून मरतो. खिशात एक छोटी डबी ठेवा, आपला आणि दुसऱ्याचा टाकलेला तंगूस तिच्यात गोळा करा आणि घरी नेऊन बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका.